बावड्याची पाहणी

हसा खुशाल, पण आधी सगळं ऐकून घ्या. माझा मुलगी बघण्याचा कार्यक्रम मी एकदा अख्ख्या ऑफिसला सक्तीचा केला होता.

मी बारामतीत एका दूध संघाच्या ऑफिसात आहे, प्रशिक्षण विभागात. विभाग म्हणजे काय, तर मी, एक हॉल आणि एक प्रोजेक्टर. कोणाचं प्रशिक्षण कुठल्या दिवशी, हे आम्ही सगळे एका सामायिक ऑनलाइन कॅलेंडरवर लिहायचो. रिकामा दिवस दिसला की ज्यानं त्यानं आपलं नाव टाकायचं. मग संघानं ऑफिस आणि सगळी संकलन केंद्रं मिळून एक नवीन पोर्टल घेतलं. गावडे साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की हे कॅलेंडर तिकडं हलवायचं काम तुझं, आणि ते शुक्रवारी संपलंच पाहिजे.

आता नेमकी शनिवारी माझी रजा होती. मामानं इंदापूर तालुक्यातल्या बावडा गावचं एक स्थळ काढलं होतं. आमच्या भागात हल्ली पोरांची लग्नं जमणं किती अवघड झालंय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधीच्या स्थळांनी नकार कळवले होते, त्यामुळं या वेळी ऑफिसात मी कोणाला वाससुद्धा लागू दिला नव्हता. फक्त त्या दिवशी कोणी हॉल मागू नये म्हणून जुन्या कॅलेंडरवर माझ्यापुरतं लिहून ठेवलं होतं: 'बावडा. पाहणी. सकाळी अकरा. काळे यांचा गोठा.' गोठा का, तर काळ्यांचं घर गोठ्याच्या मागं आहे आणि मला पत्ते लक्षात राहत नाहीत.

शुक्रवारी हलवाहलवीला बसलो. नवीन पोर्टल प्रत्येक नोंदीला विचारायचं, कोणाला कळवू? आता एकेक नोंद कुठं बघत बसता? सगळ्या नोंदी एकदम निवडल्या, 'सर्व कर्मचारी' वर खूण केली, 'उपस्थिती सक्तीची' वरही केली, साहेबांना काम झाल्याचं सांगितलं आणि केस कापायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी काळ्यांच्या बैठकीत. फोनचा आवाज मामानं गाडीतच बंद करायला लावला होता. समोर मुलीचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात. मामा त्यांना सांगत होता, की आमचा दत्ता कॉम्प्युटरमधला किडा आहे, ऑफिसचं सगळं त्याच्याच डोक्यावर चालतं. मी लाजून पोह्यांकडं बघत होतो. मुलगी, वैशाली, त्यांच्या शेजारी बसली होती. इंदापुरात शाळेवर शिकवते. ती काही लाजत नव्हती, सरळ माझ्याकडं बघत होती.

तेवढ्यात अंगणात दोन जीपगाड्या येऊन थांबल्या. मागून मोटारसायकली. आणि दारातून आत कोण यावं? आमचे तात्या! वडगाव निंबाळकरचं दूध संकलन केंद्र बघतात ते. हातात डायरी, खिशाला पेन.

तात्या म्हणाले, "आरं दत्ता, तू आधीच आलास व्हय? पाहणी सुरू झाली का?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. आबांना वाटलं ही सगळी मुलाकडची माणसं. ते मामाच्या कानाशी लागून म्हणाले, "पावणं, एवढी मंडळी येणार हायती हे सांगायचं तरी." मामाला वाटलं ही मुलीकडची भावकी. त्यानं उठून तात्यांना वाकून नमस्कार केला आणि आपल्या शेजारी जागा दिली. तात्या बसले, पोह्यांची बशी घेतली, डायरी उघडली. बाकीची मंडळी गोठ्यात शिरली.

आत मामानं नेहमीप्रमाणं विचारायला सुरुवात केली, की मुलीचा स्वभाव कसा आहे. तोच खिडकीतून आमच्या कन्हेरी केंद्राच्या सुपरवायझरचा खणखणीत आवाज आला, "शांत हाय का लाथा झाडती?"

आबांचा चेहरा लाल झाला. मामा माझ्याकडं बघतोय, मी जमिनीकडं. मला वाटलं, गेलं हेही स्थळ.

वैशालीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते. पण खांदे हलत होते ते हसण्यानं. तिनं तात्यांना विचारलं, तुम्हाला इथं कोणी बोलावलं? तात्यांनी फोन पुढं केला. तिनं मोठ्यानं वाचलं: बावडा, पाहणी, उपस्थिती सक्तीची. खाली माझं नाव.

"दत्तात्रय म्हणजे तुमीच ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, थांबा, आत्ता रद्द करतो. फोन काढला. घाईत कुठलं बटण कुठं दाबलं, देवाला ठाऊक. पुढच्याच क्षणी तात्यांच्या हातातला फोन वाजला, गोठ्यातले सगळे फोन वाजले. तात्यांनी चष्मा लावून वाचून दाखवलं, "ही पाहणी आता दर शनिवारी हाय म्हणं."

आबा कपाळाला हात लावून म्हणाले, "दर शनिवारी?"

मग मात्र मी सगळं खरं सांगून टाकलं. तात्यांना पाहणी कसली ते कळलं, तशी त्यांनी डायरी मिटली आणि अर्धे पोहे मुकाट्यानं खाली ठेवले. मामानं मला गाडीत बसवून तडक घर गाठलं. सोमवारी साहेबांनी माझ्याकडून पोर्टल काढून घेतलं आणि म्हणाले, एवढी हजेरी आपल्या कुठल्याच प्रशिक्षणाला आजवर नव्हती.

संध्याकाळी मामाचा फोन आला. मी नकार ऐकायची तयारी करूनच उचलला.

मामा म्हणाला, "पोरगी व्हय म्हणती. पण तिची एक अट हाय. लग्नाचं आमंत्रण मोबाईलवरनं धाडायचं काम तुला द्यायचं न्हाय."