दारामागच्या बाईचं कार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकात मी सेनगाव तालुक्यात आरोग्यसेवक होतो. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना हृदयविकार कितपत होतो, हे पाहायला घरोघर फिरायचो. रक्तदाब मोजायचा, छातीत दुखतं का विचारायचं, कार्डावर लिहून कार्ड घरी द्यायचं. पुरुष बाजेवर बसून दंड पुढे करायचे. पण बायका? परक्या पुरुषानं त्यांच्या दंडाला पट्टा बांधायचा — कसं जमावं? त्या दारामागे उभ्या राहायच्या, उत्तर नवरा द्यायचा. मी न मोजताच लिहायचो: एकशेवीस-ऐंशी, तक्रार नाही. खरं सांगू? हा आजार बाप्यांचाच, असं मलाही वाटायचं.

साखरा गावच्या वत्सलाबाईंचं कार्डही तसलंच. दारामागून त्या काही बोलू पाहत होत्या. 'छाती' एवढं मला ऐकू आलं — आणि मी पिशवी उचलली.

सहा महिन्यांनी त्या फाट्यावर भेटल्या, घामानं भिजलेल्या. छातीत कळ येते म्हणून तालुक्याला दाखवून आल्या होत्या. डॉक्टरांनी माझं कार्ड पाहून पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या.

"भाऊ, तुमच्या कार्डात समदं बराबर हाय म्हणले. मग ही तकलीफ काहून?"

मी पिशवी उघडली. तिथेच, चार लोकांदेखत पट्टा बांधला. दोनशेच्याही वर. जीप थांबवून त्यांना नांदेडला नेलं. वाटेत कार्ड मागून घेतलं आणि — फाडून टाकलं. तिथल्या डॉक्टरांना हरवलं म्हणून सांगितलं.

वत्सलाबाई वाचल्या. मग अंगणवाडीच्या ताईंना सोबत घेऊन मी ती सगळी घरं पुन्हा पालथी घातली. ताई आत पट्टा बांधायच्या, मी नवऱ्याला अंगणात बोलण्यात गुंतवायचो. आत बायका बोलू लागल्या — आणि किती बोलू लागल्या! कित्येकींना वेळेवर औषध मिळालं. त्याचा आनंद मला आजही होतो, तो का लपवू?

आता दहा वर्षं झाली. वत्सलाबाई नातवंडं सांभाळतात, गोळी चुकवत नाहीत. गावात कुणा बाईच्या छातीत दुखलं, की तिला हाताला धरून माझ्याकडे आणतात. दर वेळी तिला सांगतात, "ह्या भाऊनंच माझं दुखणं वळखलं."

मी मान खाली घालून पट्टा बांधत राहतो. ओळखलं नव्हतं. ऐकलं होतं — आणि 'तक्रार नाही' लिहिलं होतं.