मंगलबाईचे अकरा महिने

मंगलबाई खुर्चीवर बसायची नाही. माझ्या टपरीत गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आहेत. तहसीलला आलेला माणूस आधी खुर्ची धरतो आणि मग काम सांगतो. ही बाई मात्र दारातच उभी राहायची, कधी या पायावर तर कधी त्या पायावर, आणि एक डोळा सतत रस्त्यावर. तिला बघून मलाच अस्वस्थ व्हायचं. एकदा मी वैतागून म्हणालोसुद्धा, "अहो बाई, बसा की घटकाभर, तुमची गाडी सुटायली का?"

मी वैजिनाथ. बीडच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली पत्र्याची टपरी आहे, तिथे सव्वीस वर्षं कागद लिहितो. जुनी माणसं मला अजून अर्जनवीस म्हणतात. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे, बाकी काही बदललं नाही. सकाळी कपाळाला भस्म लावून यायचं आणि संध्याकाळपर्यंत शपथपत्रं, संमतीपत्रं आणि भाडेकरार करायचे. माझा एक नेम आहे. कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी कुणाची सही घेत नाही. शेजारचे सोमनाथराव हसतात, म्हणतात, वैजिनाथ, उरक की बे. मी उरकत नाही. ज्याचा कागद त्याच्या कानावरून गेलाच पाहिजे, असं मी मानतो. याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून ठेवतो.

मंगलबाई पहिल्यांदा आली ती एका जूनमध्ये, बार्शी नाक्यावरच्या एका घरमालकाबरोबर. चौसाळ्याच्या पलीकडचं तिचं गाव. नवराबायको ऊसतोडीला जाणारे. तोडीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा गेला तर तो अर्धा कोयता. दसरा झाला की घराला कुलूप, पोरगी पाठीमागे, आणि पाच-सहा महिने कुठल्या तरी कारखान्याच्या रानात उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, मुक्काम. तेजश्री सातवीपर्यंत निम्मं वर्षच शाळेत बसली. आठवीत मात्र मंगलबाईनं ठरवलं की आता बास. नवरा आदिनाथ अर्धा कोयता म्हणून एकटा जाईल, मुकादम कुरकुरला तर कुरकुरू दे, पण पोरगी दहावी होईपर्यंत बीडातून हलणार नाही. स्टँडजवळच्या खानावळीत तिला भाकरी थापायचं काम मिळालं होतं. आता फक्त एक खोली हवी होती.

मी करार वाचला. मुदत अकरा महिने. मग नेहमीचं वाक्य आलं, 'मुदत संपताच भाडेकरूने सदर जागा विनातक्रार खाली करून ताबा मालकास द्यावा.' तिनं मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजी अकरा महिनं," ती म्हणाली.

"हो, अकरा महिने," मी म्हणालो आणि सहीची जागा दाखवली.

आता बीडात लहान पोरालाही माहीत आहे की भाड्याच्या कागदावर अकरा महिने हे नुसतं लिहायचं असतं. वर्षाच्या वर मुदत टाकली की नोंदणीचं लचांड मागे लागतं, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून सगळे अकरा लिहितात आणि पटलं तर जन्मभर राहतात. एक मास्तर माझ्याकडे सतरा वर्षं येतात. घर तेच, मालक तोच, कागद दरवेळी अकरा महिन्यांचा. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मंगलबाई परत आली. या वेळी पेठ बीडातल्या दगडाबाईंबरोबर. दगडाबाई सत्तरीच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. करार वाचून होईपर्यंत त्यांनी तेजश्रीला आपल्याजवळच्या पिशवीतल्या दोन कैऱ्या दिल्या आणि तिची वेणी सोडून पुन्हा घातली. मी मंगलबाईला डिवचलं, "काय हो, जुन्या मालकाशी वाजलं का?"

"न्हाई ओ. मालक चांगला व्हता."

त्याच्या पुढच्या वर्षी मार्च संपता संपता ती तिसऱ्यांदा दारात उभी. आता धानोरा रोडच्या रुद्राणीबाई. त्यांचं किराणा दुकान आहे आणि दुकानामागे एक खोली. मी म्हणालो, "बाई, तुमच्या पायाला भिंगरीच लागलीय. दगडाबाईसारखी मालकीण सोडून कुणी जातं का?" ती हसली नाही. तिनं नुसता पदर सारखा केला आणि रस्त्याकडे बघत राहिली. माझ्या मनात मी तिचा हिशोब लावून मोकळा झालो. भांडकुदळ असणार, कुठंच टिकत नसणार. सही झाल्यावर रुद्राणीबाईंना बाजूला घेऊन मी सांगितलंसुद्धा, "बघा बरं का, ही बाई कुठं थारा धरीत न्हाई." हे मी केलं. कशासाठी केलं ते मला आजही सांगता येत नाही. शहाणपणा मिरवायची खोड, दुसरं काय.

आणि मग यंदाची अठ्ठावीस फेब्रुवारी आली.

दुपारचे बारा वाजले होते. आप्पाराव नावाचे एक निवृत्त कंडक्टर माझ्यासमोर बसले होते, त्यांच्या खोलीचा करार करायचा होता. भाडेकरू कोण म्हणून मान वर केली तर दारात मंगलबाई. मागे रस्त्यावर छोटा टेम्पो उभा. त्यात दोन गाठोडी, गुंडाळलेली गादी, पाण्याचा निळा ड्रम, शेगडी, आणि पिठाच्या डब्यात उभी लावलेली पुस्तकं. ड्रायव्हरशेजारी तेजश्री बसली होती. मांडीवर इंग्रजीचं पुस्तक, एक बोट कानात, आणि ओठ भराभर हलत होते. दहावीची परीक्षा सुरू होती. दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता, ते मला माझ्या पुतणीमुळे माहीत होतं.

माझं डोकंच फिरलं. "बाई, उद्या पोरीचा पेपर हाय आन आज तुमी घर बदलायलाव? कावून? दोन आठवडं दम निघत न्हाई का तुमाला?"

मंगलबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी येड्यासारखं बोललोय. "मग काय करू भाऊ? आज अठ्ठावीस. मुदत सपली. तुमीच वाचून दावलंत न्हवं."

"रुद्राणीबाईनं काढलं का तुमाला?"

"काढायचं काय त्यात? कागदावरच हाय की. मी म्हनलं, अठ्ठावीसला खाली करते. त्या गप बसल्या."

"आन दगडाबाईनं?"

"त्यांचीबी मुदत सपली व्हती. ह्या पोरीनं सोता वाचलं कागदावर."

मला तरी काही उलगडेना. तेव्हा तिनं मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की त्याच सांजेला कोपी मोडायची. रान दुसऱ्याचं असतं. एक दिस जास्ती राहू द्या म्हणून मुकादमाला कुणी विचारत नाही, विचारणाऱ्याला पुढल्या साली कुणी टोळीत घेत नाही. "शब्द म्हंजी शब्द असतो भाऊ. दुसऱ्याच्या जाग्यात मुदत सपल्यावर बसून ऱ्हावं, असली आमी मानसं न्हाईत."

मग मला सगळं दिसलं. जून, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी. दर वर्षी ती आधीपेक्षा लवकर येत होती आणि तारखा मी स्वतःच्या हातानं टाइप करत होतो. वर तिच्या पायाला भिंगरी लागलीय म्हणून चेष्टा करत होतो. तिची गाठोडी वर्षभर सुटत नसणार, तिनं कुठल्या भिंतीत खिळा ठोकला नसणार, पोरीचं अभ्यासाचं वेळापत्रक टेम्पोतल्या त्या पिठाच्या डब्याला चिकटवलेलं होतं, ते सगळं माझ्या त्या एका वाक्यापायी.

माझ्याआधी आप्पारावच म्हणाले, "अगं बाई, अकरा महिने नुसते नावाला असतेत. माझ्याकडचा मागचा भाडेकरू नऊ वर्षं व्हता. पटलं की कागद नवा करायचा, मानूस तोच."

"मानूस तोच?" मंगलबाईनं विचारलं.

"तोच."

ती आत आली आणि खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच. मला वाटलं आता हिला हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. ती बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत होती, भाकरी थापून थापून लाल झालेले तळहात. मग म्हणाली, "म्हंजी दगडाबाईनं आमाला काढलं नव्हतं?"

"न्हाई काढलं," मी म्हणालो.

"जाताना त्यांनी सुनेच्या हातानं माझी वटी भरली. मला वाटलं, बघा, किती गोड बोलून घालवायल्यात. तेजश्रीला पोटाशी धरून रडल्या, तवाबी माझ्या मनात राग. रडायचंच व्हतं तर ठिवून घ्यायचं. मग भादव्यात महालक्ष्म्यांच्या जेवनाला सवाष्न म्हनून बोलवायला खानावळीत आल्या. सोता चालत. मी म्हनलं, मला येळ न्हाई. तोंडबी वर केलं न्हाई. दिवाळीनंतर त्या वारल्या. निरोप आला, तर मी मातीलाबी गेले न्हाई भाऊ."

सवाष्णीनं लक्ष्म्यांचं जेवण नाकारायचं म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. आप्पाराव उठून लिंबाकडे तोंड करून उभे राहिले. माझी चूक झाली, एवढंच म्हणालो. तिनं ते ऐकलं की नाही, माहीत नाही.

टेम्पोतून तेजश्रीनं हाक मारली, "आई, झालं का? उशीर व्हायलाय." तेव्हा मी भानावर आलो. टपरीला कुलूप घातलं, आप्पारावांना हात जोडले आणि टेम्पोच्या मागे बसून धानोरा रोडला निघालो. सव्वीस वर्षांत भर दुपारी टपरी बंद करायची माझी ही दुसरी वेळ, पहिली वडील गेले तेव्हाची.

रुद्राणीबाई दुकानात साखर मापत होत्या. टेम्पो परत आलेला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी माप पोत्यात टाकलं आणि माझ्याकडे न बघता थेट मंगलबाईवर घसरल्या. "महिनाभर तोंड शिवून बसलीस व्हय गं? मला वाटलं, पान्याच्या मोटारीवरनं मी बोलले त्याचा राग धरून चालली. आन ह्यांनी तर पैल्याच दिवशी सांगितलं व्हतं, बाई टिकत न्हाई म्हून. मीबी म्हनलं, जा."

आता मंगलबाई माझ्याकडे बघायला लागली. मी टेम्पोतला ड्रम उतरवायला घेतला. तेवढंच तोंड लपवायला निमित्त झालं.

तेजश्री पुस्तक घेऊन केव्हाच खोलीत शिरली होती आणि मोकळ्या फरशीवर मांडी घालून तिचं घोकणं पुन्हा सुरू झालं होतं. मंगलबाई उंबऱ्याबाहेरच उभी, या पायावरून त्या पायावर.

"किती दिस ऱ्हाऊ, बाई?" तिनं विचारलं.

"ऱ्हा की. जवर वाटंल तवर."

"असं नका म्हनू. जवर म्हंजी कवर? मला तारीख सांगा." अकरा महिन्यांना ती कधी भ्याली नव्हती, आणि आता मुदत नाही म्हटल्यावर भ्याली. रुद्राणीबाईंनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाल्या, "पोरीची बारावी होऊ दे. त्याच्या आदी गेलीस तर माझ्याशी गाठ हाय." तेव्हा कुठे मंगलबाई आत गेली.

नवा करार केला तो तेजश्रीचे पेपर संपल्यावर. दोघी बरोबरच आल्या. मंगलबाई खुर्चीवर बसली, टोकालाच, पण बसली. बसल्या बसल्या तिनं सांगितलं की ती दगडाबाईच्या घरी जाऊन आली. सून दारातच भेटली. पाणी दिलं, चहा केला, रागाचं काही बोलली नाही. सासूबद्दल एवढंच म्हणाली, "आत्या शेवटपतूर इचारीत व्हत्या, मंगलचं आपल्याकडून काय चुकलं म्हून." हे सांगताना मंगलबाई रडली नाही. रुद्राणीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

मी कागद वाचायला लागलो. नाव, गाव, जागेचं वर्णन, मुदत अकरा महिने. मुदत तीच ठेवावी लागते, आणि त्याखालचं वाक्यही छापील नमुन्यातच आहे. मी 'मुदत संपताच' एवढं म्हटलं आणि मंगलबाईनं कागदावर हात ठेवला.

"तेवढं सोडून वाचा, भाऊ."

सव्वीस वर्षांत मी कुणाच्या कागदातली एक ओळ गाळली नव्हती. ती गाळली, आणि पुढची वाचली.