त्या टेबलावर पेशंट झोपतात

"खाली उतर. त्या टेबलावर पेशंट झोपतात."

डाक्टरसाहेब मला असं बोलले. मी टेबलावर चढले बी नव्हते. नुसता एक गुडघा टेकवला होता. सकाळी मीच पुसलेलं रेक्झिन होतं ते.

तालुक्याच्या गावातला चांगला चालणारा दवाखाना. बिलोली, देगलूरकडून लोक यायचे. मी तिथं चौदा वर्सं कामाला. फरशी पुसायची, पू लागलेला कापूस उचलायचा, म्हाताऱ्या पेशंटच्या घाण झालेल्या चादरी धुवायच्या. मला कधी किळस आली न्हाई. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "तुझं काय बाई, डाक्टर घरचाच." मला बी तसंच वाटायचं. येडी मी.

त्या दिवशी म्हणलं, "साहेब, संडासला रगत पडून राहिलंय." साहेबांनी ड्रॉवरमधून औषध कंपनीवाल्यानं फुकट दिलेली मलमाची ट्यूब काढली. "मूळव्याध आहे. ठेचा बंद कर." ट्यूब टेबलाच्या कडंला ठेवली, हातात दिली न्हाई. हातात ते मला काहीच देत नव्हते. माझी जात त्यायला पहिल्याच दिवशी कळली होती. तोंडानं कधी बोलले न्हाईत. बोलायची गरजच पडली न्हाई.

ठेचा बंद केला. रगत बंद झालं न्हाई. काळ्या परकराबिगर दुसरा घालत नव्हते. जाऊन आलं तरी पुन्हा जावं वाटायचं. झंपर अंगावर लोंबायला लागला. सव्वा वर्स गेलं. चार डाव सांगितलं, चार डाव ट्यूब भेटली. पाचव्या डावाला म्हणाले, "तुझं रोजचंच आहे गं."

त्याच टेबलावर दुसऱ्यायला कुशीवर झोपवून ते तपासायचे. वापरलेले हातमोजे मीच उचलायचे. म्हणजे असल्या दुखण्याला बोट घालून आतून बघतेत, हे मला ठावं होतं. ठावं असून गप बसले.

मंग एक दिवस बादलीसकट फरशीवर पडले. लेक लातूरला दिलेली. ती आली आन् मला घेऊन गेली, तिथल्या मोठ्या दवाखान्यात.

"मावशी, डाव्या कुशीवर झोपा. गुडघे पोटाशी घ्या," तिथली बाई डाक्टर म्हणाली.

मी टेबलापाशी थांबले. "झोपू?"

"मग काय, उभ्यानं तपासू?" ती हसली. मोजा घातला. एक बोट. भाकर पलटायला लागतो तेवढा येळ. तिचं हसू गेलं.

"आधी कुणाला दाखवलं नव्हतं का?"

"डाक्टरकडंच कामाला हाय मी."

तिनं मोजा काढला. लई येळ हात धूत राहिली.

दुर्बीण घातली. तुकडा काढून तपासायला धाडला. गुदाशयाचा कॅन्सर. लेक हंबरडा फोडून रडली. मला काहीच झालं न्हाई. तिथली फरशी कुणी तरी उरकून टाकल्यावानी पुसली होती, कोपऱ्यात पाणी राहिलं होतं. मी त्या पाण्याकडं बघत बसले.

आधी मशीनीखाली किरणांचे शेक दिले, संगं गोळ्या. मंग आपरेशन. संडासची जागा शिवून टाकली. पोटाला डाव्या अंगानं भोक पाडलं, त्याच्यावर पिशवी. आता जन्मभर तिच्यातच. मंग सलाईनीतून केमो. बोटायला मुंग्या आल्या त्या गेल्याच न्हाईत. गार पाण्यात हात घालवंना.

"खरं सांगा, बाई," मी म्हणलं.

"जवळच्या गाठींपर्यंत गेला होता. लिव्हरमध्ये नाही. बरं होणं शक्य आहे, पण शब्द देत नाही. पाच वर्षं तपासणीला यायचं."

"सव्वा वर्स आधी आले असते तर?"

ती कागद चाळत राहिली. "कदाचित पिशवी लागली नसती."

तवा पहिल्यांदा मला राग आला. साहेबाचा आला. आन् त्याच्याहून जास्ती माझा.

केमो संपली, गावी आले. साहेबांनी निरोप धाडला. दवाखान्यात बाकड्यावर सात-आठ बाया बसल्या होत्या. साहेब म्हणाले, "ये कामाला. पण मागच्या दारानं. पेशंटला वास यायला नको."

मी सरळ आत गेले. त्या टेबलावर चढले. डाव्या कुशीवर झोपले, गुडघे पोटाशी घेतले. दार सताड उघडं.

"साहेब, तपासा."

"उतर खाली! तमाशा करू नको."

"पेशंट हाय मी."

साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. हात लावला न्हाई. त्या दिवशी बी न्हाई.

मी माझी मी उतरले. बाहेर आले. बाकड्यावरच्या एका पोरसवदा बाईच्या मुठीत तीच ट्यूब होती. म्हणलं, "रगत पडतंय का गं?" तिनं मान खाली घातली. "बोट घालून बघितलं का?" तिनं मान हालवली. न्हाई. तिचा हात धरून मी तिला पुन्हा आत नेलं.

काम सोडलं. आता दर बाजाराला मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसते. समोरच्या दाराला. मुठीत ट्यूब घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईला तेच इचारते. न्हाई म्हणली की तिला माघारी आत नेते. साहेब दारात येऊन वरडतेत, "ऊठ तिथून." मी उठत न्हाई. पाच वर्सं जगन का पाच महिने, ठावं न्हाई. जितके बाजार भेटतील तितके बसणार. मला उठवायचं असंल तर साहेबाला मला हात लावावा लागंल.