धाकटीने बांधलेलं इंजिन

डाग पहिल्यांदा दादालाच दिसावा, हे धाकटीला डागापेक्षा जास्त झोंबलं. एरवी गॅरेजकडे न फिरकणारा माणूस. त्या सकाळी आला, अण्णांच्या जुन्या गाडीमागे वाकला, फरशीवर बोट टेकवलं आणि ते बोट तिच्या नाकासमोर धरलं.

"हे काय?"

"तेल."

"म्हणजे गळलं."

"कुठून आलं ते आधी बघू दे."

"आता बघायचं काय राहिलंय, बाई? अण्णांची अट विसरलीस?"

विसरते कशी. अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, जन्मभर याच गॅरेजमध्ये इंजिनं बांधली. आता त्यांचे हात थरथरत. दादाला जागा शेजारच्या टायरवाल्याला गोदामासाठी द्यायची होती, धाकटीला गॅरेज चालवायचं होतं. दोघांच्या भांडणाला कंटाळून अण्णांनी स्वतःचीच गाडी पुढे केली. इंजिन मागे असलेली, पाण्याऐवजी वाऱ्यावर थंड होणारी गाडी, आणि घरात कुणालाही आठवतं तेव्हापासून गळणारी. "एकटीने इंजिन उतरव, एकटीने बांध," अण्णा म्हणाले होते. "महिनाभर फरशी कोरडी राहिली तर गॅरेज तुझं. नाहीतर दादा म्हणेल तसं."

तेव्हाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दादाला कुणी कधी अट घातली? तो सरळ उठून हापिसात गेला आणि घराने कौतुक केलं. ती शाळा सुटल्यावर इथे येऊन रॉकेलमध्ये पिस्टन धूत बसायची, तर आई म्हणायची, "नखं बघ तुझी." अण्णांचा हात कापायला लागल्यापासून एकूण एक वॉल्व्ह तिने बसवला होता, पण गाडी न्यायला आलेलं गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून आत डोकावायचं.

"मिस्त्री आहेत का?"

"मीच मिस्त्री."

"तसं नाही, खरे मिस्त्री."

तरीही तिने अट मान्य केली, कारण इंजिनाशी तिचं भांडण नव्हतं. ते उतरवलं, सुटं केलं, जुन्या लोकांनी प्रत्येक सांध्यावर थापलेला चिकट मसाला खरवडून काढला. सिलिंडरांखालच्या नळ्या तिने नव्या घातल्या आणि प्रत्येक नळीची शिवण वरच्या बाजूला फिरवली. तेल नळीच्या तळाला साचतं, शिवण खाली राहिली की तिथूनच पाझरतं. अण्णा स्टुलावर बसून बघत. बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून ते नुसते खोकत.

"अण्णा, हा खोकला कुठल्या बोल्टासाठी?"

"घसा आहे माझा. खोकू पण नको?"

इंजिन चढलं, सुरू झालं, एका लयीत बोलू लागलं. आणि आता हा डाग.

"त्या नळ्यांतूनच गळतंय," दादा म्हणाला. "बघ, थेंब तिथेच लोंबतोय."

"थेंब लोंबतो तिथून गळत नसतं. आतला पंखा तेल उडवतो, वाट्टेल तिथे नेऊन चिकटवतो."

"प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे उत्तर आहे."

"आणि तुझ्याकडे टायरवाला आहे."

टायरवाला दारातच उभा होता. तो घाईघाईने म्हणाला, "मी आपला सहज आलो. गोदामाची लांबी किती भरेल ते..."

"अजून गॅरेज आहे ते," धाकटी म्हणाली. "भिंतीपासून लांब उभे राहा."

तिने इंजिनाची खालची बाजू रॉकेलने धुतली, वारा मारून खडखडीत वाळवली, आणि घरातला पावडरचा डबा आणून सगळीकडे पावडर उडवली. दादा हसला. "आता गंध पण लाव." तिने इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली.

नळ्या पांढऱ्याच्या पांढऱ्या. सिलिंडरांची बुडं कोरडी. इंजिनाचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात तो सांधाही कोरडा. फक्त मागे, पंख्याचा पट्टा फिरवणाऱ्या पुलीच्या आडून, एक ओली रेघ उतरली होती. त्या टोकाला रबरी सील नसतंच. पुलीवर कोरलेली मळसूत्री खाच बाहेर येऊ बघणारं तेल आत ढकलते, आणि तेल आपल्या पातळीत असेल तोवर ती ढकलू शकते.

इंजिन बंद करून तेल खाली बसू दिल्यावर तिने तेल मोजायची पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. तिने स्वतः भरलं होतं, बरोबर खुणेपर्यंत. इंजिन तेल खाईल, पण वाढवणार कुठून?

"दादा, तू ओतलंस."

"मी? ते झाकण कुठं असतं हे तरी मला माहितीये का?"

हे मात्र खरं होतं. तिने मान वळवली. अण्णा चष्मा पुसत होते, आणि तो काही घाण झालेला नव्हता.

"अण्णा?"

"फरशी कोरडी दिसली," अण्णा म्हणाले. "या गाडीखाली कोरडी फरशी मी बघितलेलीच नाही गं. वाटलं, आत तेलच नाही. पट्टी बघितली, तर काही दिसेना."

"नवं तेल पाण्यासारखं असतं. दिसणार कसं? मला विचारायचं."

"म्हटलं, थोडं असू दे. रोज सकाळी थोडं."

"रोज?"

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "वाईट हेतूने नाही, बाळ."

"हेतूचं मी बोलतच नाहीये." तिचा आवाज चढला, आणि तिने तो चढू दिला. "इंजिन गळणारच हे तुम्ही आधीच धरून चाललात. मी बांधलेलं कोरडं राहू शकतं, हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. दादाचं सोडा, तो दादाच आहे. तुम्ही अण्णा, तुम्ही तर प्रत्येक बोल्ट बघितलात."

टायरवाल्याने टेप खिशात घातली.

"पण डाग पडला तो पडला," दादा पुटपुटला.

"तो माझा डाग," अण्णा म्हणाले. "तिचं इंजिन गळत नाही. गॅरेज तिचं."

धाकटीला वाटलं होतं, हे ऐकलं की ऊर भरून येईल. पण राग होता तिथेच होता. तिने तसराळं सरकवलं, खालचा बोल्ट सैल केला आणि जास्तीचं तेल सोडून दिलं. पातळी खुणेवर येताच बोल्ट आवळला, हात पुसले.

"मग ऐका," ती म्हणाली. "उद्यापासून या गॅरेजमध्ये कुठल्या इंजिनात किती तेल जाईल ते मी ठरवणार. तुमच्या गाडीतसुद्धा. पट्टीला हात लावायचा नाही."

"आणि मी काय करू?"

"गिऱ्हाइकांनी खरे मिस्त्री विचारले की माझ्याकडे बोट करा."

अण्णांनी मान हलवली. दादा कधीच बाहेर पडला होता, टायरवाल्याला दुसऱ्या जागेबद्दल काहीतरी सांगत.