भांडून गेलेली लेक

मस्कतला कुरुममध्ये लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या रत्नागिरीच्या चाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांची लेक चीनमध्ये डॉक्टरी शिकत होती आणि माझा मुलगा अमेरिकेत इंजिनियरिंग.

"अमेरिकेत पोरं प्रोफेसरांशी बिनधास्त वाद घालतात," मी एकदा कौतुकाने म्हणालो.

"चीनमध्ये तसं नाय. एका खोलीत चौघी, अकराला दिवे बंद आणि सरांसमोर मान खाली."

"मग पोरगी दबूनच राहणार, चाचा!"

त्यांनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"दबून? मी तिचं लग्न ठरवलेलं, साहेब. ते मोडून, माझ्याशी भांडून गेली ती!"

हे सांगताना त्यांची छाती फुगली होती. मी माझे इस्त्रीचे कपडे उचलले. माझा मुलगा मी निवडलेलाच विषय शिकत होता.