एक वटवट्या आणि दोन साडू

मागच्या हिवाळ्यात मी एका पक्ष्याला चार नावं दिली आणि चार पक्ष्यांना एकच.

चूक माझी नव्हती. (हे वाक्य मी नेहमीच म्हणतो.) चूक वटवट्यांची होती. आमच्या नवेगाव बांधच्या तलावाकाठी थंडीत हे बोटभर पाहुणे उतरतात. सगळे मातकट हिरवे, सगळ्यांच्या डोळ्यांवर फिकट भुवई, आणि एकही शहाणा फांदीवर तीन सेकंद टिकत नाही! दुर्बीण लावेपर्यंत पाखरू उडालेलं असतं आणि मी नुसतं पान बघत असतो. अशी बरीच पानं मी यादीत नोंदवली आहेत.

पक्षीगणना घेणाऱ्या मॅडमनी माझी यादी परत केली. म्हणाल्या, "सर, यात पक्ष्यांपेक्षा प्रश्नचिन्हं जास्त आहेत. यंदा असंच झालं तर तुम्हाला बदकं मोजायला बसवीन."

वीस वर्षं शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला बदकं!

मी जिद्दीला पेटलो. जाणकार सांगतात, वटवट्या रंगावरून नाही, आवाजावरून ओळखा. मी फोनवर सगळ्यांचे आवाज उतरवून घेतले. पण 'हिरवट पर्णवटवट्या' लावला की काही वाजेचना! फोन कानाला लावला, स्वयंपाकाच्या रिकाम्या गंजात ठेवला (आवाज घुमतो म्हणे). शांतता! तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"अजी, बंद करा ना थे! सकाळपासून चिस्वी, चिस्वी! डोस्कं उठून राहिलं माहं!"

"कुठलं चिस्वी?"

"काऊन? तुमीच तं लावलं!"

सुनंदा थट्टा करतेय असं समजून मी फोन घेऊन गोंदियाला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो वाजवून पाहिला आणि म्हणाला, "सर, मोबाइल तो एकदम बढ़िया है. कान दिखा लो."

उद्धट माणूस! मी तिथूनच एक भलामोठा स्पीकर आणला. मग दोन महिने सुनंदाने वटवट्यांच्या आवाजातच वरण फोडणीला टाकलं.

गणनेच्या दिवशी नागपूरहून साडू आले. विलासराव. हातभर लांबीचा कॅमेरा आणि त्याहून लांब जीभ. "साडभाऊ," ते म्हणाले, "मी आलो ना, आता प्रश्नचिन्ह एकही नाही!"

सुनंदाही निघाली. "दोघंच गेले तं भांडूनच वापस येसान," ती म्हणाली.

तलावाच्या पाळीवर (म्हणजे बांधावर) पोचतो न पोचतो तोच समोरच्या बाभळीत एक वटवट्या हलला.

"वेळू वटवट्या!" विलासराव म्हणाले.

"छे! गंधकी पोटाचा!" मी म्हणालो.

"पोट दिसलं तरी का तुम्हाला?"

"तुम्हाला वेळू दिसला का? ही बाभूळ आहे!"

मॅडम आल्या, तोवर आमचे आवाज असे चढले होते की तलावातली बदकं आपणहून मोजून घ्यायला येऊन उभी राहतील! मॅडमनी हात वर केला. "दोघंही गप्प बसा. ऐका. ओरडतोय तो."

मी डोळे मिटले आणि गंभीरपणे मान डोलावली. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं! एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर विलासरावही डोळे मिटून मान डोलावत होते. माझ्यापेक्षा जोरात!

"मग? कसा ओरडतोय?" मॅडमनी विचारलं.

"गोड," मी म्हणालो.

"फारच गोड," विलासराव म्हणाले.

सुनंदाने कपाळावर हात मारला. "कायले खोटं बोलून राहिले, भाऊजी? तुमालेबी आयकू नाई येत? थो चिस्वी, चिस्वी करून राहिला ना! हिरवट पर्णवटवट्या हाये थो. आन् मांगच्या बेशरमच्या झुडपात चक् चक् करून राहिला, थो वेळूवाला!"

मॅडम सुनंदाकडे बघतच राहिल्या. विलासरावांनी धडाधड काढलेले फोटो मोठे करून पाहिले. पंखावर एक पुसट पांढरी रेघ. हिरवटच! झुडपातून दुसरा बाहेर डोकावला. वेळूवालाच!

त्यानंतर दुपारपर्यंत सुनंदा पुढे आणि आम्ही दोघं साडू मागे. ती नुसतं बोट दाखवायची, विलासराव फोटो काढायचे, मी लिहायचो. एकही प्रश्नचिन्ह नाही! मॅडमनी सगळ्यांसमोर आमची यादी वाचली, टाळ्या पडल्या. सुनंदाला हार घातला तेव्हा माझा ऊर असा भरून आला की विलासरावांशी भांडायचंसुद्धा राहून गेलं.

आठवड्याने मॅडमचा फोन आला. "सर, रविवारी नागझिऱ्याला गणना आहे. गाडी घेऊन येताय ना?"

"नक्की येतो!" मी छाती फुगवून म्हणालो.

"बरं झालं बाई," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे वहिनींना बसने यावं लागणार नाही."