क्ष बरोबर आठ

मास्तरांनी माझी वही छडीच्या टोकानं उघडली.

वही जमिनीवर होती. ती नेहमी जमिनीवरच असायची. सगळा वर्ग बाकांवर, मी दाराशी गोणपाटावर. शिवाशिव कायद्यानं गेली होती म्हणे. कुळगावच्या आमच्या शाळेत तो कायदा अजून पोचायचा होता.

आठवीत बीजगणित सुरू झालं. गणितं सोडवून झाली की मास्तर म्हणायचे, "वह्या बदला." मग पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची उत्तरं ते वाचून दाखवायचे आणि पोरं एकमेकांच्या वह्या तपासायची. माझ्या वहीला कोण हात लावणार? म्हणून मी ताळा करायला शिकले. आलेलं उत्तर क्षच्या जागी ठेवायचं. डावी बाजू काढायची, उजवी काढायची. दोन्ही सारख्या आल्या की उत्तर बरोबर. कुणाला विचारायला नको, कुणाच्या पाया पडायला नको. वेडच लागलं मला त्याचं. खरं सांगते, त्या वर्गात माझ्याशी सरळ वागणारी तेवढी एकच गोष्ट होती.

त्या दिवशीचं समीकरण, ५क्ष − ७ = ३क्ष + ९. माझं उत्तर आठ. ताळा केला, दोन्हीकडे तेहतीस. मास्तरांनी वाचलं, "सहा." दाराजवळच्या बाकावरच्या सुलभालाही आठच आलं होतं, वह्या बदलायच्या आधी मी पाहिलं होतं. तिचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात साहेब. वाटेत कुणी नसलं की ती माझ्याशी बोलायची. वही परत हातात आल्यावर तिनं आठ पुसून सहा लिहिले.

मी उभी राहिले. "गुरुजी, सहा ठेवले तर डावीकडे तेवीस येतात, उजवीकडे सत्तावीस. पुस्तकात चुकीचं छापलंय."

वर्ग हसला. तेव्हाच मास्तर आले आणि छडीनं वही उघडली. वाचलीसुद्धा नाही.

"पुस्तक चुकलं, आणि तुमच्या वस्तीला अक्कल आली? उद्या बापाला घेऊन ये."

बाप रेल्वेच्या लायनीवर खडी टाकायचा. कामावर खाडा करून आला. शाळेच्या पायरीखाली उभा राहिला, टोपी हातात.

मास्तर वरून म्हणाले, "हिला सांग, आठ पुसून सहा लिही. नाहीतर शाळेतून नाव काढतो."

बापानं मला काहीच विचारलं नाही. हात जोडले.

"पोर चुकली, गुरुजी. पोटात घाला." मग माझ्याकडे वळून, "पूस गं बाय."

रबर माझ्या हातात होतं. खिडकीतून सगळा वर्ग बघत होता. सुलभानं मान खाली घातली. मी वही उघडली आणि मास्तरांच्या हातापाशी नेली.

"तुम्ही ताळा करा, गुरुजी. जुळला नाही तर पुसते."

मास्तर दोन पावलं मागे सरकले. वहीला घाबरून. त्यांना बेरीज वजाबाकी येत होती, फक्त वही हातात घ्यायची होती. घेतली नाही. माझं नाव काढलं.

परतताना नदीची वाट लागली. बाप म्हणाला, "तुजं बरोबर व्हतं?"

"व्हय."

"मंग मला हात कशाला जोडाया लावलंस?"

आदल्या संध्याकाळी मी त्याला सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्याला क्ष काय कळणार, असं मीच धरून चालले होते, मास्तरांसारखी. बापाला जाऊन वर्षं झाली, तरी ते जोडलेले हात आठवले की मला रडू आवरत नाही.

त्या दिवसानंतर, दुसऱ्या शाळेत गेले तेव्हाही, मी माझी वही कधी जमिनीवर ठेवली नाही. पुढेही ठेवणार नाही. ज्याला तपासायची आहे त्यानं ती माझ्या हातातून घ्यावी. घ्यायची नसेल, तर मला चूक म्हणायचं नाही.